पथर्रीचे तीनशे एक्याण्णव

मी एक जुना फलक आहे. मित्रांनो, राजे येतात, राजे जातात. पण गावाचं नशीब ठरतं ते माझ्यावर लिहिलेल्या आकड्यावरून. हे मी ताठ मानेने सांगितलं असतं, पण सध्या माझ्या मानेवर दुकालू गुराख्याचा लंगोट वाळतो आहे.

माझा जन्म रॉकेलच्या पिंपातून झाला. अजूनही ऊन तापलं की मला वास येतो. छत्तीसगढमधल्या पथर्रीच्या वेशीवर मला रोवलं आणि माझ्यावर लिहिलं : 'ग्राम पथर्री. पक्का रस्ता ११ किलोमीटर. लोकसंख्या'. पुढची जागा रिकामी. पाचशे माणसं भरली की रस्ता गावात येणार आणि रस्त्यामागून बस, असं साहेब सांगून गेले होते. माझ्यापुढे नारळसुद्धा फुटला. मी फुगलो.

मोजणीबाबू आला तो नेमका तीजाला. भादव्यातल्या या सणाला पथर्रीच्या सुना लेकरं घेऊन माहेरी जातात आणि पथर्रीच्या लेकी माहेरी येतात. बाबूला घरोघर फिरवत होता गावचा कोटवार, म्हणजे चौकीदार, बिसौहा. हातात काठी, डोक्याला नवं पागोटं. त्याचं घर माझ्या समोरच, म्हणून बाबूने सुरुवात तिथूनच केली.

"कका, घरात कोण कोण?"

"मी आणि पोरगा. सून नातवंडं घेऊन माहेरी गेलीय."

"म्हणजे हजर नाही." बाबूने काट मारली. "आणि ही ओसरीतली? ही दोन पोरं?"

"ही देवकी, माझी लेक. पाहुणी आहे हो! तिला इथं मोजली तर लोक म्हणतील, नवऱ्याने टाकली."

"मग तीही नाही."

"तीही नाही!" बिसौहा रुबाबात म्हणाला.

"बाबा, निदान पोरं तरी लिहा," देवकी म्हणाली.

"गप. उपासाच्या दिवशी इतकं बोलू नये."

प्रत्येक ओसरीत हेच झालं. रंगाऱ्याने सुरेख अक्षरात लिहिलं : ३९१. आठवड्याने सुना परतल्या, गाव पाचशेच्या वर गेलं. पण तोवर मी वाळलो होतो. रस्त्याचे साहेब आले, जीपमधूनच मला वाचलं आणि वळले. विनवण्या झाल्या. 'पुढच्या मोजणीला बघू,' असं उत्तर आलं.

तेव्हापासून मला वर बघवत नाही. बिसौहाही माझ्यासमोरून जाताना पागोटं पुढे ओढतो. लेकीला आणायला बापाने नाहीतर भावाने जायचं, ही रीत. नऊ वर्षं तो दर तीजाला अकरा किलोमीटर चिखल तुडवत गेला आणि देवकीला घेऊन आला. यंदा पोरगा परमुलखात वीटभट्टीवर, आणि बिसौहाचा गुडघा गेलेला. तरी निघाला. माझ्यापर्यंत पोचला आणि खाली बसला.

"आणायला कोणी गेलं नाही, तर लेक येणार कशी?" तो मला म्हणाला. "तुझ्यावर शंभरावर माणसं कमी आहेत ना, ती मी खाल्ली."

माझ्याकडे फक्त ३९१ होते.

दुपारी देवकी आली. आपली आपणच, गुडघाभर चिखलात. मागे थोरली पोर, डोक्यावर ठेठरीचा, बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांचा, डबा. बिसौहाने तोंड लपवलं.

"न आणता आलीस? लोक काय म्हणतील?"

"लोक? तीनशे एक्याण्णवच तर आहेत. थोडंच म्हणतील."

दुकालूच्या विझलेल्या शेकोटीतला कोळसा तिने उचलला आणि माझ्या आकड्याखाली लिहिलं : 'सुना माहेरी होत्या. लेकी धरल्या नाहीत.'

"अजून लिही," बिसौहा म्हणाला. "कोटवाराची चूक."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. मग त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला घरी नेलं.

मित्रांनो, माणसं मोजाल तेव्हा घरी नसलेलीही विचारा आणि पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलेलीही. माझ्या अंगावर पहिल्यांदाच काही खरं लिहिलं गेलं आहे, आणि ते कोळशाचं आहे. मी रस्ता मागत नाही, बस मागत नाही. फक्त दुकालूला सांगा, लंगोट पलीकडच्या फांदीवर टाक. नेमका त्याच ओळीवर ठिबकतो.