भगवंतमास्तरांचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. सातपुड्याच्या सागाचा. चार पायांची एक चौकट, तिच्यात टांगलेला मी, आणि माझ्या चारी बाजूंना कठडे. लोक पाळण्याला सुखाची जागा म्हणतात. पण लेकराने बाहेर पडू नये म्हणूनच मला घडवलं, हे मी विसरलेलो नाही. अडवून ठेवणं हा माझा धर्म. पुढे मीच कसा अडकलो, आणि माझ्याबरोबर एक भला माणूस कसा अडकला, ते आज सांगतो.

मला तिगावच्या गुणवंता सुताराने घडवलं. त्याचा हात सावकाश चालायचा. रंधा मारताना तो रामनाम पुटपुटायचा, त्यामुळे माझ्या लाकडात आधी रामनाम मुरलं आणि मग तेल. पांढुर्ण्याच्या बाजारात भगवंतमास्तरांच्या पत्नी कलाबाईंनी मला पसंत केलं. त्यांची लेक अलका माझ्यात निजली, रडली, कठड्याला दात लावून गेली. मोठी झाल्यावर ती लग्न होऊन रामाकोन्याला गेली, आणि मी माळ्यावर गेलो.

भगवंतमास्तर मराठी शाळेत शिकवत. पण गाव त्यांना ओळखायचं ते नकलांसाठी. गणपतीत ते उभे राहिले की स्टेशनमास्तर, कंपाउंडर, तहसिलीचा चपराशी असे सगळे त्यांच्या अंगात येऊन जायचे. आणि नुसत्या नकलांवर त्यांचं भागत नसे. डोक्यात एखादा वेडा नेम यायचा आणि तो ते तडीस न्यायचे. एकदा पांढुर्ण्याहून तिगावपर्यंत ते उलटे चालत गेले. कुणी विचारलं तर म्हणाले, "कुठून आलो ते तरी डोळ्यापुढं राहते न." एकदा सौंसरचा आख्खा बाजार त्यांनी तोंड न उघडता, नुसत्या हातवाऱ्यांनी केला. वांगी मागितली आणि कोंबडी मिळाली. ती मरेपर्यंत कलाबाईंनी अंगणात पाळली.

मात्र त्यांच्या मनातली खरी ओढ वेगळीच होती, आणि ती मला एकट्याला ठाऊक होती. आसपास कुठेही कीर्तन असलं की मास्तर पहिल्या रांगेत. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, आणि आख्यान रंगलं की गालावरून पाणी. घरी कुणी नसलं की ते कमरेला उपरणं बांधून माळ्याखाली उभे राहायचे आणि रामजन्माचं आख्यान लावायचे. श्रोता मी एकटा. माझ्यापुढे त्यांनी शंभरदा राम जन्माला घातला असेल. एकदा, फक्त एकदा, नारदाच्या गादीवर उभं राहून भरल्या सभेत रामजन्म सांगायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

मग १९४७ साल आलं. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी मास्तर शिडी लावून माळ्यावर चढले.

"काय काढून राहिले?" कलाबाईंनी खालून विचारलं.

"पाळणा. देश जन्माले येऊन राहिला. त्याले निजवाचं कशात?"

"देशाले निजवा नाई त गावाले हसवा, मले काय. पण रिकामा पाळणा हालवू नये. डोक्यावर घेऊन चालले का हालनच तो."

मास्तर शिडीवरच थबकले. मित्रांनो, आमच्याकडे ही गोष्ट कुणी थट्टेवारी नेत नाही. रिकामा पाळणा हलवला तर लेकराबाळांना वाईट, असं म्हाताऱ्याकोताऱ्या सांगतात. मास्तरांनी अलकाचं जुनं टोपडं शोधलं, एका नारळाला घातलं आणि तो नारळ माझ्यात निजवला.

"झालं," कलाबाई पदरात हसू लपवत म्हणाल्या, "आता नारळाचेही बाप झाले."

नेम असा होता: पांढुर्ण्यापासून सौंसर, रामाकोना, लोधीखेड्यापर्यंत पायी जायचं आणि वाटेतल्या गावांत पंधरा ऑगस्टला जन्मलेल्या प्रत्येक बाळाला माझ्यात एक झोका द्यायचा. शाळेतून रजा घेतली, मला डोक्यावर घेतलं आणि निघाले. नऊ दिवस आम्ही चाललो. गुडघाभर चिखल, वर पावसाची झड, आणि माझ्यात टोपडं घातलेला नारळ. शेतातल्या बाया निंदण थांबवून विचारायच्या, "कोणाचं लेकरू हो ते?" मास्तर म्हणायचे, "बापावर गेलं, माय. शेंडी पाहा." अकरा बाळं सापडली. अकरा वेळा मी भरलो. माझ्या आयुष्यातले तेवढे सुखाचे दिवस. कुणाची आई लाजत यायची, कुणाची आजी आधी माझी चारी बाजूंनी तपासणी करायची, आणि मग एक उबदार, दुधाचा वास येणारा जीव माझ्यात ठेवला जायचा.

नागपूरच्या एका वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी छापून आल्या. आणि तिथेच आम्ही दोघं अडकलो.

त्यानंतर मास्तरांचं नाव पडलं पाळणेवाले मास्तर. काटोलहून बोलावणं आलं, छिंदवाड्याहून आलं, बैतूलहून आलं. सगळ्यांचं सांगणं एकच: पाळणा घेऊन या. मी मंचावर आलो की लोक हसायला लागायचे, मास्तरांनी तोंड उघडायच्या आधीच. पाळण्याला पाहून कुणी हसावं असं माझ्यात काय होतं? तेच कठडे, तीच चौकट. आणि आता कुणी आई माझ्यात लेकरू ठेवीना. "हशाचा पाळणा तो, लेकराचंही हसूच होईन," असं बाया म्हणायच्या. नऊ वर्षं माझ्या वाट्याला नारळच आला.

मास्तरांचं त्याहून वाईट. शाळेचे जुने हेडमास्तर दत्तात्रय गुरुजी वारले तेव्हा शोकसभा होती. मास्तरांचा गुरुजींवर फार जीव. ते उभे राहिले, "गुरुजी गेले," एवढंच म्हणाले आणि रडू लागले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याचं पाहून दुसरं. मास्तर खाली बसले. घरी येऊन माझा कठडा धरून कलाबाईंना म्हणाले, "मी रडलो तरी या लोकायले नक्कलच वाटते वो."

कलाबाईंनी भाकरी थापणं थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, "मले नाई वाटली."

१९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी झाली भोपाळ. मास्तरांनी पुन्हा नेम धरला: माझे दोन पाय त्या राज्यात, दोन या राज्यात ठेवायचे. आम्ही लोधीखेड्याच्या पलीकडे गेलो. तिथे दादाजी नावाचे एक शेतकरी संत्र्याच्या बागेला पाणी देऊन राहिले होते.

"दादाजी, सीमा कोठी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मले काय माहीत बाप्पा. माह्ये बैल इकडंही चरतेत अन् तिकडंही. त्यायले इचारा."

जमलेले लोक पोट धरून हसले. मास्तरांनी मला अंदाजाने एका बांधावर ठेवलं. ते हसले नाहीत. त्यांची बहीण सावनेरला दिली होती. ती आता दुसऱ्या राज्यात होती.

या बदलाने माझं नशीब कसं फिरवलं ते ऐका. पांढुर्ण्याच्या राममंदिरात देवाचा एक नक्षीदार पाळणा होता. तो वर्षभर एका भक्कम कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली श्रीधरपंत नावाच्या सरकारी कारकुनाकडे. श्रीधरपंतांची बदली नव्या राजधानीत झाली. घाईत बिऱ्हाड बांधलं आणि किल्ली त्यातच भोपाळला गेली. पत्रं गेली. किल्ली आली नाही, आणि रामनवमी दुसऱ्या दिवसावर आली. देवाचं कपाट फोडायला कुणाचा हात उचलेना.

मंदिराचे पंच भैय्याजी मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसले.

"मास्तर, पाळणा पाह्यजे."

"कोठी हसवाचं आहे?"

"हसवाचं नाई जी. रामाले पाह्यजे." भैय्याजींनी किल्लीची सगळी कथा सांगितली. "गावात पाळणे ढीगभर आहेत. पण त्यात लेकरं आहेत. लेकराले उठवून देवाले निजवाचं का? तुमचाच तेवढा मोकळा."

मास्तरांनी माझ्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पाळणा नेऊन ठेवतो. पण एक मागू का? मोरेश्वरबुवांच्या कीर्तनात घडीभर मले उभं राहू द्या. रामजन्म सांगू द्या."

"मास्तर, तुम्ही उभे राहिले का सभा हसते. ऐन रामजन्माले हशा झाला त गाव मले खाईन. झांज धरा पाह्यजे त. पण तोंड उघडू नका."

पाळणा देत नाही, असं मास्तर म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. त्यांनी मला गरम पाण्याने धुतलं आणि पहाटे डोक्यावर घेऊन मंदिरात नेलं. वाटेपुरता माझ्यात नारळ होता. मंदिरात त्याच्या जागी रेशमी वस्त्रात गुंडाळलेली रामरायाची लहानशी मूर्ती होती.

मोरेश्वरबुवा सत्तरीचे. आदल्या दिवशीच ते सौंसरला कीर्तन करून आले होते. पूर्वरंग त्यांनी कसाबसा ओढला. उत्तररंगाला सुरुवात केली आणि आवाजच गेला. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा. साडेअकरा झाले होते. सभा चुळबुळू लागली. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि शेजारी झांज धरून उभ्या असलेल्या मास्तरांच्या गळ्यात घातला. भैय्याजी अर्धवट उठले, पण बुवांनी हाताने त्यांना बसवलं.

मास्तर गादीवर उभे राहिले, आणि सभा हसली.

"अयोध्येचा राजा दशरथ," मास्तर म्हणाले.

"मास्तर, नारळ कोठी आहे?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा वाढला.

"राजाला सगळं होतं. पोटी लेकरू नव्हतं."

हशा आणखी वाढला. मी समोरच होतो. मित्रांनो, सुटकेची एक वाट त्यांना उघडी होती. दशरथाची एक नक्कल करायची, की सारी सभा मुठीत. ती नक्कल त्यांच्या जिभेवर आलेली मला दिसली. पण मग कीर्तन गेलं, कायमचं गेलं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले आणि ते तसेच उभे राहिले, लोक हसत असताना, खाली मान घालून.

तेव्हा मोरेश्वरबुवा उठले. सभेला गप्प करायला त्यांच्याजवळ आवाज नव्हता. त्यांनी अंगरखा सावरला, गुडघे टेकले आणि सगळ्यांदेखत मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. नारदाच्या गादीवर जो उभा असतो त्याला वय नसतं, नाव नसतं. तिथे बापही लेकाच्या पाया पडतो. ही रीत सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. आज ती विसरली गेली होती, एवढंच.

कुणी हसेना. कुणी खोकेना. मास्तर घाबरले, कारण हशाची त्यांना सवय होती, शांततेची नव्हती. पहिलं वाक्य चुकलं. दुसरं सावरलं. आणि मग ते शंभर वेळा माझ्यापुढे सांगितलेलं आख्यान गळ्यातून वाहायला लागलं. देव चार हातांनी, शंखचक्रासह कौसल्येपुढे उभा राहिला, तेव्हा ती काय म्हणाली ते मास्तर सांगू लागले. "ती म्हणाली, देवा, एवढं मोठेपण मला नको. माझ्या कुशीत मावशील एवढा हो. भुकेने रड. मला निजवू दे." बायांनी पदर डोळ्यांना लावले. बारा वाजले. घंटा झाली, गुलाल उधळला, आणि भैय्याजींनी माझी दोरी स्वतः मास्तरांच्या हातात दिली.

त्या वर्षापासून दर नवमीला मास्तरच उभे राहिले. एरवी ते नकला करत आणि लोक पोटभर हसत. नवमीला कुणी हसत नसे. त्यांची सुटका झाली.

माझी झाली नाही. त्या संध्याकाळी मास्तर मला न्यायला आले तर भैय्याजींनी हात जोडले. "आता कसा नेता बुवा? राम निजला त्यात." मला मंदिरामागच्या खोलीत ठेवलं आणि कुलूप लावलं. पुढे भोपाळहून किल्ली आली, कपाट उघडलं, तरी माझं कुलूप काही निघालं नाही. बऱ्याच वर्षांनी अलका आपल्या लेकीच्या बाळासाठी मला मागायला आली.

"देवाची वस्तू आहे बाई," भैय्याजी म्हणाले. "लेकरू त्यात मुतलं म्हंजे?"

"कौसल्येचा राम काय मुतत नसंन का, काका?" अलका म्हणाली.

भैय्याजींनाही हसू आलं. पण दार उघडलं नाही.

भैय्याजी गेले, मास्तरही गेले. मी आहे. हसण्याने मला कोंडलं होतं, आता हात जोडण्याने कोंडलं आहे. मित्रांनो, माझी पूजा करू नका. नवमीचा एक दिवस मी देवाचा, बाकीचे दिवस मला लेकरांचा होऊ द्या. कढत पाण्याने धुवा, दोरी नवी बांधा आणि ज्या घरात बाळ आहे त्या घरी न्या. वस्तू कुलपात जपली जात नाही, ती नुसती जुनी होते.

आत्ताच मंदिरात कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आहे. आई त्याला मांडीवर हलवून राहिली, आणि ते काही निजत नाही. तिच्या आणि माझ्या मध्ये फक्त एक दार आहे.