पोटात सोळा हजार

मी उझबेकिस्तानातल्या कोकंद शहराच्या एका रुग्णालयातला अपडेट-सर्व्हर बोलतो आहे. येथे चौसष्ट संगणक आहेत. त्यांच्या दोषांवरचे उतारे, म्हणजे अपडेट, बाहेरून आणावेत, साठवावेत आणि ज्याचे त्याला पोचवावेत, एवढीच माझी सेवा. त्या सेवेत मी कधी चुकारपणा केला नाही. माणसांविषयी असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझे पहिले धनी नुरमत-आका; 'आका' म्हणजे इकडे थोरले भाऊ. बारा वर्षे त्यांनी मला सांभाळले, असे सारे म्हणतात. त्यांच्या घरी नानचा तुकडा जमिनीवर पडला, तर तो उचलून कपाळाला लावतात आणि उंच जागी ठेवतात. अन्नाविषयीचा तो भाव मला वंद्य आहे. परंतु या सत्पुरुषाने तोच भाव अपडेटांना लावला! आलेले एकही कधी टाकले नाही. जे संगणक भंगारात जाऊन दशक लोटले, त्यांचेही उतारे माझ्या पोटात. मी धापा टाकू लागलो की ते माझी स्मृती वापरण्याची मर्यादा थोडी वाढवत आणि म्हणत, "असू दे, कुणाचं काय खातंय!" खात होते ते मलाच, पण यंत्राचे कण्हणे ऐकायला कान लागतात.

वसंतात ते निवृत्त झाले. खांद्यांवर मानाचा चोपान, म्हणजे लांब अंगरखा, घालून, 'उस्ताद, उस्ताद' म्हणत त्यांना निरोप दिला गेला आणि मी नवी तंत्रज्ञ होसियत हिच्या वाट्याला आलो. तिची नेमणूक तीन महिन्यांच्या परीक्षेवर होती. त्यातच वरून हुकूम आला : सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदला. तिने ती बिनचूक बदलली. मात्र नव्या सिस्टीमने माझी ती मर्यादा मुकाट्याने मूळपदावर आणली. झाले! एखादा संगणक विचारी, 'माझ्यासाठी नवे काय?' मी सोळा हजार अपडेटांची यादी मोजू लागे, अर्ध्यात श्वास तुटे आणि मी कोसळे. उठतो न उठतो तोच दुसरा विचारी.

व्यवस्थापक एर्गाश-आका तरातरा आले.

"पोरी, बारा वर्षं हे चाललं. तू हात लावलास आणि बसलं! गुरुवारपर्यंत चौसष्टही संगणकांना अपडेट मिळाले नाहीत, तर जिल्हा कार्यालय आपली नेटवर्कची तार तोडणार. मग रक्ताचे अहवाल काय गाढवावर लादून पाठवू?"

"आका, जुनं सगळं काढावं लागेल."

"उस्तादांनी जपलेलं? तू काढणार? आधी त्यांची दुआ घे. आणि गुरुवार चुकला तर घरीच बस, सुझनीचं भरतकाम करत."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. यंत्राला नजर लागली म्हणून त्यांनी इसरिकची, म्हणजे दृष्ट काढायच्या झुडपाची, वाळली काडी पेटवून माझ्या पंख्यांसमोर धूर फिरवला. ओठांवर ईश्वराचे नाव आणि भरवसा काडीवर! ज्याची भक्ती धुराएवढीच, त्याने दुसऱ्याची परीक्षा घ्यावी, हा कलीचा महिमाच म्हणायचा.

बुधवारी सकाळी होसियतने नुरमत-आकांना फोन लावला.

"आका, दुआ द्या. जुने अपडेट काढते आहे."

पलीकडून नुरमत-आका म्हणाले,

"पोरी, त्यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं, हे मला कधी कळलंच नाही गं. म्हणून सगळंच ठेवलं."

"मग कुणाला विचारलं का नाहीत?"

"सगळे उस्ताद म्हणायचे. विचारू कुणाला? काढ, काढून टाक. आमीन."

दुआ घेत तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आधी माझी मर्यादा श्वासापुरती वाढवली आणि मग शे-दोनशे करीत जुने संचित काढू लागली. सारे एकदम उपसले असते तर मला पुन्हा मूर्च्छा आली असती. चौदा हजार आठशे निघाले. गुरुवारी दुपारी रक्ततपासणीच्या संगणकाने भीत भीत विचारले, 'माझ्यासाठी नवे काय?' मी एका दमात उत्तर दिले. चार वाजेपर्यंत चौसष्टही तृप्त झाले.

मुख्य डॉक्टरांपुढे एर्गाश-आका म्हणाले, "आम्ही फार खपलो." त्या 'आम्ही'त ते एकटेच उभे होते. होसियतला कायम केल्याचा कागद मात्र मिळाला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माझ्यापाशी येऊन बसली. दर महिन्याला नको ते आपोआप निघावे, अशी व्यवस्था तिने त्याच बैठकीत करून ठेवली.

आता मी हलका आहे. पण कायाही जुनी झाली, हे जाणतो. सज्जनहो, पाया पडून एवढेच मागतो : माझे दिवस भरले, की 'उस्तादांच्या हातचा' म्हणून मला कोपऱ्यात ठेवून हार घालू नका. होसियतला विचारा. ती 'हो' म्हणाली, की लगेच माझी तार काढा.