खिळ्यावरची कात्री

कात्र्यांच्या गल्लीत नकाशा घेऊन आलेला साहेब धारवाल्या ताईच्या मनातून पहिल्या पाच मिनिटांतच उतरला. बोटं घालायच्या कड्या सोडून त्याने कात्री पात्याला धरून उचलली आणि वर विचारलं, "म्हणजे हे सगळं तुम्ही हाताने करता?"

"छे, पायाने," ताई म्हणाली. "हात कपाळाला लावायला मोकळे ठेवतो."

साहेबाला हसू आलं नाही. त्याने ताईच्या कारखान्याच्या भिंतीवर नकाशा चिकटवला. त्यात गाव म्हणजे एक ठिपका आणि ठिपक्याभोवती लाल गोल. त्या गोलाला तो 'औद्योगिक समूह' म्हणत होता.

"इथे लोखंडाची खाण नाही, नदी नाही, धड रस्तासुद्धा नाही," तो म्हणाला. "तरी या एका गल्लीत एकवीस कारखाने, आणि शहरातले मोठे कारखाने तुमच्यापुढे टिकत नाहीत. का बरं?"

ताई सांगायला तोंड उघडणार, तोवर साहेबाने स्वतःच उत्तर वाचून दाखवलं. ते फाइलीत आधीच टाइप केलेलं होतं: स्वस्त मजुरी. माणसाला बघायच्या आधीच त्याची किंमत लिहून आणणारा हा शहाणा, ताईच्या मनात आलं.

योजनाही तयारच होती. हमरस्त्यालगत नवी वसाहत, प्रत्येकाला स्वतंत्र गाळा आणि मध्ये उंच भिंती, म्हणजे एकाचं कसब दुसरा चोरणार नाही. गल्लीतला सगळ्यात जाणता कारागीर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो सहा महिन्यांपूर्वीच तिकडे गेला होता. त्याच्यानंतर मान होता ताईच्या धाकट्या भावाच्या हाताला. तो पाती घडवून जोडायचा, ताई त्यांना धार लावायची. कागदावर मात्र कारखाना एकट्या धाकट्याच्या नावावर होता. त्याने सही केली की बाकीचेही करणार आणि गल्ली उठणार, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. धाकट्याच्या हातात साहेबाचं पेन होतं.

"आणि तो काय प्रकार आहे?" साहेबाने दाराबाहेर बोट दाखवलं.

समोरच्या भिंतीला एक लाकडी फळी होती आणि तिच्या वर एक जाडजूड खिळा. रोज सकाळी प्रत्येक कारखान्याने आपली एक कात्री फळीवर ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने ती ओल्या मलमलीवर चालवून बघायची. टोकापर्यंत सरळ कापलं तर कोणी अवाक्षर काढत नसे. कापड दुमडलं तर कात्री दिवसभर खिळ्यावर, बनवणाऱ्याची खूण रस्त्याकडे करून. मग दिवसभर टोमणे. "दादा, ही कात्री की चिमटा?" "वहिनींना दे रे, चहा ढवळायला होईल!"

"ही तर जाहीर बदनामी झाली," साहेब म्हणाला. "अशाने कारागिराचं मन खचतं."

"खचावं म्हणूनच टांगतो," ताई म्हणाली.

साहेबाने तिचा नाद सोडला आणि बॅगेतून मखमली अस्तराचा डबा काढला. "ही बघा नव्या वसाहतीतली कात्री. खुद्द उस्तादांची. या डब्याला बक्षीस मिळालंय."

"डब्याला," ताई म्हणाली आणि तिने मलमलीचा तुकडा पाण्यात बुडवला.

कात्री दोन बोटं पुढे गेली आणि कापड पात्यांमध्ये दुमडून अडकलं. ताईने मिटलेली कात्री उजेडात धरली. दोन्ही पात्यांना हलका बाक लागतो. मिटल्यावर मधून बारीक फट दिसली पाहिजे, तरच ती कापताना एका वेळी एकाच ठिकाणी भेटतात. ही पाती पट्टीसारखी सपाट होती.

धाकट्याने कात्री घेतली आणि तिच्यावरची खूण अंगठ्याने पुसून पुन्हा पाहिली. पात्याला बाक द्यायला त्याला उस्तादानेच शिकवलं होतं. चूक झाली की उस्ताद अख्ख्या गल्लीला हाका मारून ती दाखवायचा.

"त्यांना कोणी सांगितलं नाही?" धाकट्याने विचारलं.

"कोण सांगणार? शेजारचा दिसतच नाही तिथे," साहेब कौतुकाने म्हणाला. "सहा महिन्यांत कोणी कोणाला वाकडा शब्द बोललेलं नाही."

धाकट्याने पेनाचं टोपण लावलं आणि ते साहेबाच्या खिशाला अडकवून दिलं. "सहा महिन्यांत उस्तादाचं हे झालं, साहेब. माझं सहा आठवड्यांत होईल."

"अहो, तिथे चोवीस तास वीज आहे!"

"विजेला कापड कापून दाखवा म्हणावं," ताई म्हणाली. तिने उस्तादाची कात्री डब्यात घालून साहेबाच्या हातात दिली. "माणूस समोर नसताना आम्ही टांगत नाही. ही उस्तादाला परत द्या आणि सांगा, ताईला हसून हसून ठसका लागला. जसंच्या तसं सांगा, गोड करू नका."

"मी असं कसं सांगणार?"

"तेवढं तरी काम करा. बाकीचं आम्ही करतोच आहोत."

साहेब नकाशा न काढताच गेला. धाकटा कमरेवर हात ठेवून हसत उभा राहिला, बहीण आता चार शब्द चांगले बोलेल म्हणून. ताईने फळीवरून त्याची सकाळची कात्री उचलली आणि त्याच ओल्या मलमलीवर चालवली. अगदी टोकाशी, गव्हाच्या दाण्याएवढं कापड दुमडलं.

"ताई, आज तरी..."

"आज काय? साहेबाला नाही म्हणालास म्हणून पात्याला बाक आला का?"

तिने कात्री खिळ्यावर टांगली आणि त्याची खूण नीट रस्त्याकडे वळवली. समोरच्या कारखान्यातून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, चहा ठेवा, चमचा आलाय!"

धाकटा हातोडी उचलून आत गेला.