दारातच गाळलेला चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठाच्या कडेला कुबड्यांचा आणि गुडघ्याच्या पट्ट्यांचा ढीग, आणि मधोमध गुडघेबाबा. "सर्जन दोऱ्याने शिवतो, आम्ही श्वासाने शिवतो," असं म्हणून त्यांनी एका सलूनवाल्याच्या गुडघ्यावर फुंकर मारली. तो बाकावरून उडी मारून उतरला. टाळ्यांच्या गजरात सेवकांनी त्याला उचलून पडद्यामागे नेलं. पहिल्या रांगेत भाचीशेजारी बसलेली आत्या हे सगळं बघत होती.

आत्या म्हणजे फिजिओथेरपिस्ट. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या भाचीकडून ती अडीच महिने व्यायाम करून घेत होती. पोरीचं दुखणं थांबलं, तशी ती कंटाळली. निवड चाचणी तोंडावर आलेली, फुटबॉल डोळ्यांसमोर नाचतोय, आणि आत्याचं मात्र एकच तुणतुणं, अजून सहा महिने मैदानात उतरायचं नाही. पोरीच्या बापाचा, म्हणजे आत्याच्या दादाचाही धीर सुटला. बाबा एका सकाळीत खेळायला लावतात असं ऐकून तो लेकीला इथे घेऊन आला. तो ऐकेना, म्हणून आत्याही दात-ओठ खात मागोमाग आली.

आत येताना दारात एक सेविका प्रत्येकाला गोड आवाजात विचारत होती, ऑपरेशन कधी झालं, दुखतं का, सूज आहे का. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका पोस्टमनला तिने बाहेरच बसवलं. तुमची वेळ जुळत नाही, दोन-तीन महिन्यांनी या, म्हणाली. भाचीला मात्र थेट पहिल्या रांगेत नेलं. आत्याला तेव्हा वाटलं, गर्दी आवरायची पद्धत असेल.

आता बाबांनी भाचीला बोलावलं. पट्टा काढून ढिगावर टाकला, फुंकर मारली आणि तिला बाकावर चढवलं. "उडी मार पोरी. तुटलेलं जुळलं."

आणि आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने धावत जाऊन भाचीचा दंड पकडला.

"बाबा, आधी बाहेरच्या पोस्टमनला नाचवून दाखवा."

"त्याची वेळ आलेली नाही, ताई."

"म्हणजे त्याचं दुखणं अजून थांबलेलं नाही." ती लोकांकडे वळली. "ज्यांचं दुखणं आपोआप थांबलंय, तेवढेच हे दारातून आत घेतात. ऑपरेशनमध्ये तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीतल्या स्नायूची पट्टी काढून गुडघ्यात बसवतात. दुखणं जातं, पण याच दिवसांत ती पट्टी सगळ्यात कच्ची असते. हळूहळू पक्की होते. आता उडी मारली की तुटू शकते."

सेवक तिला ओढायला धावले. झटापटीत पडदा सरकला. मागे मघाचा सलूनवाला गुडघा दोन्ही हातांनी धरून रडत होता आणि एक सेवक त्यावर बर्फ दाबत होता. फुगलेला गुडघा सगळ्यांनी पाहिला. इतका निर्लज्जपणा पाहून आत्याला थुंकावंसं वाटलं.

दादाने लेकीला बाकावरून अलगद खाली घेतलं.

"मग चाचणी?" भाचीने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"हुकली," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी देशील. गुडघा शाबूत राहिला तर."

दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं नव्हे, बाबांनो. कुठेही चमत्कार दिसला, की व्यासपीठाकडे बघू नका. दाराबाहेर कोणाला बसवलंय, ते आधी बघून या.