अजून पोचलो नाही

बशी. कपावर पालथी घातलेली, आतून घामेजलेली.

लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं.

उशीच्या अभ्र्याची शिवण, गालावर उमटलेली.

स्वारी पोचली का गं? – स्वयंपाकघरातून, हसू दाबून.

आळस : अजिबात नाही, थोडा, बराच, खूप.

ठिपका लागला... आणि गेला. तपासणीला आलेल्या, कॉटवर बसलेल्या गणिताच्या बाईंनी बटण दाबलं तेव्हा पडदा केव्हाच काळा झाला होता. तिने त्यांना नुकतंच हलवून जागं केलं होतं. नैराश्य असलेल्या माणसांना जाग आल्यावर भानावर यायला इतका वेळ का लागतो, हे दवाखान्यातल्या त्या खोलीत तपासलं जायचं आणि उठवायचं काम तिचं. खांद्याला हात लावायचा, बटण हातात द्यायचं, प्रश्न वाचायचे. ते प्रश्न आज छापायला जाणार होते. काही खटकलं तर दुपारपर्यंत सांगा, डॉक्टर म्हणाले होते, पण शब्द कुणालाही कळेल असाच हवा. आळस कुणालाही कळतो.

तिने वाचलं, ‘जाग आल्यावर आळस किती वाटतो?’

बाई हातातल्या बटणाकडे बघत राहिल्या – तिचे वडील कपाकडे बघायचे तशा. लहानपणी त्यांना चहा नेऊन द्यायचं काम तिचं असायचं, गणवेश घातलेला, एक वेणी झालेली, एक सुटी. बशी उचलली की वाफ त्यांच्या चष्मा नसलेल्या चेहऱ्यावर जायची आणि ते उघड्या डोळ्यांनी, कुठून तरी लांबून म्हणायचे, थांब गं, मी अजून पोचलो नाही. पलंगावरच तर होते, आणखी कुठे पोचायचं होतं? ती धावत जाऊन आईला बातमी द्यायची, स्वारी अजून वाटेत आहे, आणि आई हसायची, पुढे हसेनाशी झाली, पुढे पाहुण्यांसमोर म्हणू लागली, आळसाला पगार असता तर आमचा बंगला झाला असता. वडीलही हसायचे, सगळ्यांच्या मागून, जणू त्यांचं हसू नंतरच्या गाडीने येत होतं... आणि तरी काय सकाळी होत्या त्या! गादीवर उन्हाची तिरीप, चहावर धरलेली साय, त्यांच्या पायांशी बसून ती पाढे म्हणत असे, आणि सतराच्या पाढ्यात अडखळली की ते पोचायचे – तिची चूक दुरुस्त करत.

‘आळस नाही हो,’ बाई म्हणाल्या. शब्द चिकटून येत होते. ‘आळस मी सुट्टीच्या दिवशी करते. त्यात मजा असते.’

‘मग याला काय म्हणायचं?’

बाईंनी गालावर उमटलेली शिवण चोळली. ‘तेच तुम्हाला विचारणार होते.’

तिने पेन्सिलीने ‘आळस’ खोडला. आता डॉक्टर विचारणार, मग त्याच्या जागी काय? सुस्ती... गुंगी... झापड... एकेक शब्द ती त्या चेहऱ्याला लावून पाहत होती, आणि एकेक गळून पडत होता. शेवटी तिने लिहिलं : पोचायला किती वेळ लागतो? कुठे, म्हणून कुणीही विचारेल. विचारू दे. आयुष्यभर ती हे वाक्य घरातला विनोद म्हणून सांगत आली होती. आज पहिल्यांदाच ते तिला उत्तरासारखं ऐकू आलं, आणि हसू काही आलं नाही.

बाईंच्या अंगठ्याखाली बटण तसंच होतं. ठिपका पुन्हा लागायचा होता.

ती शाळेत जायला लागली त्याच्या आदल्या वर्षापर्यंत घरात सगळ्यांच्या आधी वडील उठायचे, आणि चहा तेच करायचे.