आठशे किलोमीटरवरचा चमत्कार

रविवारी सकाळी गॅरेजच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नव्या कोऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, काहींच्या सीटवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं, आणि त्यांचे मालक टाचा उंचावून एका लोखंडी टेबलाकडे बघत होते. टेबलामागे उस्ताद होता. त्याने एका गाडीतून कपभर तेल काढलं, बोटाएवढं चुंबक काळ्या मखमली फडक्यात पुसलं, तेच फडकं कपावर धरून चुंबक तेलात सोडलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. चुंबक वर आलं तेव्हा त्याला लोखंडाच्या कणांची बारीक दाढी फुटली होती. गर्दी हळहळली.

"नवं इंजिन म्हणजे तान्हं बाळ," उस्ताद सांगू लागला. "आणि हे बघा त्याच्या पोटात काय गेलंय. कंपनी म्हणते, दहा हजार किलोमीटर हेच तेल चालवा. कंपनीला बाळ जगवायचंय की दुसरं विकायचंय, ते तुम्हीच ठरवा. आठशेला तेल काढा, मग सोळाशेला, मग चोवीसशेला. भरायचं मात्र माझं सिद्ध तेल. ते इंजिनाशी बोलतं."

काय बोलतं, हे कुणी विचारलं नाही. पहिल्या रांगेत माना डोलत होत्या, आणि सगळ्यांत जोरात डोलत होती ती एका डॉक्टरांची मान.

हे डॉक्टर रक्त तपासणारे. तीस वर्षं रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्यांनी कशावर विश्वास ठेवला नव्हता. अंगठीने रक्तदाब उतरला असं शेजारीण म्हणाली, तर तिच्याकडे आधीचे आणि नंतरचे आकडे मागणारा हा माणूस. पण छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी लाल रंगाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार घेतली आणि त्या दिवसापासून अक्कल गहाण पडली. गाडी इतकी बुटकी की उतरताना आधी एक पाय बाहेर, मग दार धरून दुसरा, मग थोडी विश्रांती. चालवायचे ती चाळीसच्या वेगाने. बायको म्हणाली, या वेगाने जुनी गाडीही चालत होती आणि तिच्यातून उतरायला आधार लागत नव्हता.

गाडीसोबत आलेलं पुस्तक बायकोने दोनदा त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ते उघडायचं सोडून डॉक्टर आठशेला एकदा आणि सोळाशेला पुन्हा उस्तादाचं तेल भरून आले, आणि गाडी लोण्यासारखी चालते असं भेटेल त्याला सांगत सुटले. उस्तादाने लगेच फलक लावला, 'रक्त तपासणारे डॉक्टरसुद्धा आमच्याकडेच येतात.' निम्मी गर्दी त्या फलकामुळे जमली होती. फलक वाचून आपल्याला गुदगुल्या व्हायच्या, हे डॉक्टरांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

आज चोवीसशेची पाळी होती. सोबत त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना आणलं होतं. वीस वर्षं हाताखाली काम केलेल्या या बाईंनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. छोटी, पांढरी, आजारी आईला दर आठवड्याला दूरच्या इस्पितळात न्यायला. बाईंनी पुस्तक वाचलं होतं. ठरलेल्या दर्जाचं नसलेलं तेल घातल्याने इंजिन बिघडलं तर कंपनी हात झटकणार, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. उस्तादाच्या डब्यावर दर्जा सोडाच, कारखान्याचं नावही नव्हतं. इंजिन बसलं तर आईला न्यायचं कसं, या काळजीने बाईंना रात्रभर झोप लागली नव्हती. पण सर सांगताहेत म्हटल्यावर त्या आल्या होत्या.

बाईंच्या गाडीतल्या तेलातूनही चुंबकाला दाढी आली. गॅरेजचा मेकॅनिक सिद्ध तेलाचा डबा घेऊन त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. बाई डॉक्टरांकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही कंट्रोल लावला होता ना?"

डॉक्टरांची कानशिलं तापली. रोज सकाळी रुग्णांच्या रक्ताआधी मशीनमध्ये एक नमुना घालायचा, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. तो कंट्रोल. मशीन तिथंच चुकलं तर त्याच्यावरचा एकही रिपोर्ट बाहेर जायचा नाही. हा नियम डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर चिकटवला होता आणि तो चुकवणाऱ्याचा ते सगळ्यांसमोर पाणउतारा करत. इथं त्यांनी दोनदा आपल्या गाडीचं तेल तपासून घेतलं, पण एकदाही त्यांना हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

त्यांनी उस्तादाला सीलबंद डब्यातलं कोरं तेल काढायला सांगितलं. कोऱ्या तेलात काय सापडणार, म्हणून उस्ताद हसला. काहीच सापडू नये, तेच बघायचंय, असं बाई म्हणाल्या. आता गर्दीलाही ते बघायचं होतं. उस्तादाने नाइलाजाने स्वतःचाच डबा फोडला, चुंबकावरची दाढी बोटांनी काढली आणि फडक्याने न पुसताच ते तेलात घालू लागला, तेव्हा बाईंनी त्याला नेहमीसारखं पुसून घ्यायला लावलं. चुंबक वर आलं. सिद्ध तेलातूनही तीच दाढी निघाली.

मग बाईंनी पर्समधून कापूस काढला, चुंबक त्याने स्वच्छ पुसलं आणि आपल्या गाडीतल्या तेलात बुडवलं. वर आलं ते नुसतं तेलकट चुंबक. शेवटी त्यांनी ते काळं फडकं पांढऱ्या कागदावर झटकलं. चिमूटभर काळी भुकटी पडली आणि चुंबक जवळ नेताच उडी मारून त्याला चिकटली. पुसण्याच्या नावाखाली उस्ताद चुंबकाला लोखंड फासत होता, एवढाच तो चमत्कार.

उस्ताद मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगा यांना," तो म्हणाला. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गाडी लोण्यासारखी चालते ना?"

सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. फोन आल्याचं नाटक करून सटकावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खिशात हातसुद्धा घातला. पण समोर बाईंच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि मेकॅनिक डबा घेऊन तिथंच होता.

"पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "पण तपासलं नाही. गाडी आधीही अशीच चालत होती. मी ती चाळीसच्या वर नेतच नाही."

लोक हसले. डॉक्टरांनी मग सगळं सांगून टाकलं. दोनदा तेल बदललं, मिरवलं, आता इंजिनाला काही झालं तर कंपनी विचारणार नाही. मला लाज वाटते, ते म्हणाले, पण आज गप्प बसलो तर उद्या कुणाच्या रिपोर्टवर सही करायला मला तोंड राहणार नाही. नव्या इंजिनात थोडी झीज होते हे खरं, पण ते कण अडवायला तेलाची गाळणी असते. काही गाड्यांचं पहिलं तेल लवकर बदलावंही लागतं, आणि तसं असेल तर ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक वाचा, न कळलं तर गाडी बनवणाऱ्यांना विचारा, आणि चमत्कार दाखवणाऱ्याला आधी कोऱ्या तेलात दाखवायला सांगा.

बाईंनी आपल्या गाडीचं बॉनेट बंद केलं. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवून इथं आलो, आणि आता तुमच्यावरच विश्वास ठेवून परत जायचं?"

प्रश्न बिनतोड होता. डॉक्टरांनी चुंबक, कापूस आणि तेलाचा डबा टेबलाच्या पुढच्या कडेला सरकवला.

"माझ्यावर अजिबात ठेवू नका," ते म्हणाले. "या, एकेक जण पुढे या आणि स्वतः बुडवून बघा."