साखर दोघांना, तपासणी एकालाच!

मनवेलपाड्यातल्या एका सोसायटीत २००३ साली हृदय तपासणीचं शिबिर ठरलं. सेक्रेटरी आत्माराम चुरी यांनी मोठ्या हौसेने यादी केली. घरटी एक नाव, एकूण बावीस, आणि बावीसही पुरुष! बायकांकडे काय? चहा आणि उपमा. यात कुणालाच काही खटकलं नाही. कारण मंडळी, हार्ट असतं ते पुरुषांना, बायकांना फक्त पित्त होतं, अशी आपली ठाम समजूत आहे.

आत्माराम तसे मऊ स्वभावाचे, पत्नी सुभद्रावहिनींवर जीव टाकणारे. पण मधुमेह दोघांना असूनही घरात पथ्य चाले ते त्यांच्या एकट्याचं. त्यांना कारल्याची भाजी, ज्वारीची भाकरी. वहिनी उरलासुरला भात खाऊन मोकळ्या होत. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागे, जबडा दुखे. "पित्त असेल, सोडा घे," असं आत्माराम प्रेमाने सांगत आणि सोडा स्वतः आणूनही देत!

शिबिराच्या सकाळी चहाची किटली घेऊन वहिनी गच्चीवर आल्या आणि मटकन खाली बसल्या. चेहरा घामाने डबडबला होता. ईसीजी काढायला वसईहून आलेली फटकळ नर्स रेजिना धावली.

"वहिनी, आधी या टेबलावर झोपा."

"माझं नाव नाही गं यादीत," वहिनी पुटपुटल्या.

"यादी गेली खड्ड्यात!"

आत्माराम गोंधळले. "सिस्टर, तिला पित्त झालंय, मी सोडा देतोच की! साखर आहे दोघांना, पण पोट तर माझं सुटलंय. ती बघा, नुसती काडी!"

"काका, बाहेरचं पोट दिसतं. यकृतावरची, हृदयाभोवतीची चरबी दिसत नाही, ती बारीक माणसातही साठते. साखर नसेल तर बाईचं हृदय पुरुषापेक्षा उशिरा कुरकुरतं. साखर झाली की तिचा तो फायदा जातो! आणि दरवेळी छातीतच कळ येते असं नाही. कधी धाप लागते, जबडा दुखतो, नुसता थकवा येतो. तुम्ही मात्र वहिनींना सोडा पाजता!"

रेजिनाने भराभर ईसीजी काढला आणि कागद पाहिला. तिने लगेच शिबिरातल्या डॉक्टरांना हाक मारली. अर्ध्या तासात वहिनी इस्पितळात होत्या.

"यांना साखर किती वर्षं? शेवटचा रिपोर्ट काय होता?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

आत्मारामांना स्वतःची उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, कोलेस्टेरॉल, सगळे आकडे तोंडपाठ. बायकोचा एकही सांगता येईना. तीस वर्षांचा संसार, आणि एकही नाही! बाकावर बसून ते लहान मुलासारखे रडले.

वेळेत आणलं म्हणून वहिनी वाचल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून आत्माराम म्हणाले, "सुभद्रा, तुला काय होतंय ते मी कधी नीट विचारलंच नाही गं."

"मग आता विचारा की," वहिनी हसल्या. "इथे मला कुणाला चहा द्यायचा नाहीये."

मंडळी, आत्माराम वाईट नव्हते, तुम्ही-आम्हीही नाही. पण घरातल्या बाईच्या थकव्याला आपण काम म्हणतो, वय म्हणतो, पित्त म्हणतो. मधुमेह बाई-पुरुष बघून येत नाही, मग तपासणीच का बघून व्हावी? तुमच्या घरीही कुणी धापा टाकत, काही न बोलता जेवण वाढत असेल. आज तिला खाली बसवा, तिचं दुखणं ऐका आणि डॉक्टरांकडे तिलाही घेऊन जा!